रिकामे म्हणजे शून्य नव्हे

करोनाच्या साथीत घरोघरी आलेले पल्स ऑक्सिमीटर आता बहुतेक घरांत औषधांच्या डब्यात तळाशी पडलेले असते. तरी त्याची एक सवय अनेकांना आठवत असेल. चिमट्यात बोट घातले की पडद्यावर दोन आकडे दिसतात, एक रक्तातील ऑक्सिजनचा आणि दुसरा नाडीचा. बोट नीट बसले नसेल किंवा थंडीने गारठलेले असेल, तर बहुतेक यंत्रांत आकड्यांच्या जागी आडव्या रेषा येतात. तिथे ० येत नाही. या दोन्हींत जीवनमरणाचे अंतर आहे. ० म्हणजे ‘मोजले आणि काहीच नाही’, तर रेषा म्हणजे ‘मोजताच आले नाही’. काही शे रुपयांचे यंत्र हा फरक पाळते. रुग्णालये, प्रयोगशाळा आणि शहरांच्या हवेवर नजर ठेवणाऱ्या महागड्या यंत्रणांनी तो प्रत्येक वेळी पाळलेला नाही आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे.

हा फरक कुठे हरवतो, हे समजून घ्यायला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला एक नेहमीचा प्रसंग पुरेसा आहे. टेबलावर तापमान नोंदवणारे एक यंत्र आहे. त्याला आठ तापमापक जोडलेले आहेत, म्हणजे त्याचे आठ ‘चॅनल’ आहेत. यंत्राच्या पुढच्या पट्टीवर आठही आकडे व्यवस्थित दिसतात. पण संगणकाच्या पडद्यावर आकडे तर नाहीतच, चूक झाल्याचा संदेशही नाही. फक्त एक ओळ दिसते, ‘चॅनल : ०’. यंत्र चालू, केबल जोडलेली, संगणक ठीक, आणि तरीही संगणकाच्या लेखी त्या यंत्राला मोजण्यासारखे काहीच नाही.

यंत्र आणि संगणक यांच्या मधे ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्राम असतो. त्याचे काम दुभाष्याचे. प्रत्येक यंत्राची बोली वेगळी, संगणकावरच्या सॉफ्टवेअरची भाषा वेगळी. सॉफ्टवेअर विचारते, ‘तुझ्याकडे किती चॅनल आहेत? त्यांची नावे काय? कोणत्या एककात मोजतोस?’ ड्रायव्हर तो प्रश्न यंत्राच्या बोलीत नेतो आणि उत्तर परत आणतो. मोठ्या कंपन्यांच्या नव्या यंत्रांबरोबर तयार ड्रायव्हर मिळतो. पण यंत्र जुने असेल, प्रयोगशाळेत स्वतः बांधलेले असेल किंवा कंपनीने हात वर केले असतील, तर हा दुभाषा कोणा विद्यार्थ्याला किंवा तंत्रज्ञाला स्वतःच लिहावा लागतो. अशा घरच्या दुभाष्याने ‘एकही चॅनल नाही’ असे सांगितले, की शोध सुरू होतो.

अनुभवी माणूस सर्वांत आधी दुभाष्याला बाजूला करतो आणि यंत्राशी थेट बोलतो. प्रयोगशाळेतील कित्येक यंत्रांना १९८७ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकामुळे ‘तू कोण?’ हा एकच ठरावीक प्रश्न कळतो. उत्तरात चार गोष्टी येतात : बनवणारी कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि यंत्रातल्या अंतर्गत प्रोग्रामची, म्हणजे फर्मवेअरची, आवृत्ती. हे उत्तर आले की केबल, जोडणी आणि वेग यांवरचा संशय मिटतो. मग चॅनलची संख्या थेट विचारायची. यंत्राने ‘८’ म्हटले तर यंत्र निर्दोष आहे. दुभाष्याने ते नीट ऐकले नाही किंवा ऐकून चुकीचे सांगितले, एवढेच आता उरते.

यापुढची कारणे बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतील अशी असतात. वॉकीटॉकीवर बोलणारा ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत पलीकडचा वाट पाहत राहतो. तसेच काही यंत्रे वाक्याच्या शेवटी एक ठरावीक खूण आल्याशिवाय उत्तर देत नाहीत. ड्रायव्हरने ती खूण पाठवली नाही, तर यंत्र प्रश्न संपण्याची वाट पाहते आणि ड्रायव्हर उत्तराची. दुसरे कारण घाईचे. वीज आल्यावर यंत्राला आपल्या आत कोणकोणते भाग बसवले आहेत हे तपासायला काही सेकंद लागतात. त्याआधीच प्रश्न विचारला, तर उत्तर प्रामाणिकपणे ‘०’ येते, कारण त्या क्षणी त्याला काही सापडलेलेच नसते.

तिसरे कारण क्रमाचे. ५/८ ही तारीख भारतात ५ ऑगस्ट, तर अमेरिकेत ८ मे असते. संगणकातही मोठी संख्या दोन तुकड्यांत पाठवताना कोणता तुकडा आधी, हे ठरवावे लागते. यंत्राने एका क्रमाने पाठवलेला ‘८’ ड्रायव्हरने उलट्या क्रमाने वाचला, तर तो २०४८ होतो. या यंत्राला २०४८ चॅनल असणे शक्यच नाही, म्हणून ‘अशक्य संख्या आली तर शून्य धर’ असे कोणी आधी लिहून ठेवले असेल, तर पडद्यावर ० दिसतो. चौथे कारण यंत्राच्या नव्या आवृत्तीचे. जुने फर्मवेअर ‘८’ असे उत्तर देत होते. नवे ‘चॅनल=८’ असे देते. ड्रायव्हरला आकडा हवा होता, अक्षरे आली, तो गोंधळला आणि गप्प बसला.

पाचवे कारण सर्वांत फसवे. बहुतेक सॉफ्टवेअर ड्रायव्हर लिहिणाऱ्याला एक तयार साचा देते. त्यात ‘चॅनलची यादी सांगणे’ या कामाची जागा असते आणि कोणी ती भरली नाही तर आयते उत्तर असते, ‘रिकामी यादी’. लिहिणाऱ्याने आपला भाग लिहिला, पण त्या कामाच्या नावात एका अक्षराची चूक केली, तर संगणकाला ते वेगळेच काम वाटते. लिहिलेला भाग कधीच वापरला जात नाही. साच्यातले आयते उत्तर पुढे जाते. कुठेही काही बिघडलेले नसते, कोणताही दिवा लाल होत नाही आणि आठ तापमापक जगातून नाहीसे होतात.

या पाचही कारणांत चूक कोणाच्याही हातून होईल अशी आहे. चुका होणारच. खरा दोष पुढच्या पायरीवर आहे. प्रत्येक ठिकाणी कुठेतरी कोणाला तरी कळले होते की उत्तर मिळालेले नाही, आणि त्याने ते ‘शून्य’ म्हणून पुढे सरकवले. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत ही सवय फार जुनी आहे. काही अडले की प्रोग्राम बंद पडू नये, म्हणून ‘चूक आली तर दुर्लक्ष कर आणि पुढे जा’ अशी एक ओळ टाकून दिली जाते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती वाचवते. पुढे वर्षभर ती ओळ माहिती गिळत राहते.

आठ तापमापक हरवले तर एक प्रयोग वाया जातो. हीच सवय आरोग्याच्या यंत्रणेत शिरली तर काय होते, याचे एक उदाहरण वैद्यकीय यंत्रांच्या इतिहासात नोंदलेले आहे. ‘थेरॅक-२५’ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारे, संगणकाने चालणारे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याच्यामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा बसला. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे एका रुग्णाला २०२ एकके मात्रा द्यायची होती. यंत्र थांबले आणि पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असे दोन शब्दांचे कोडे उमटले. दिलेल्या मात्रेच्या रकान्यात आकडा होता ६. मात्रा कमी पडली असे समजून ऑपरेटरने उपचार पुढे चालू केला. प्रत्यक्षात पहिल्याच वेळी मारा प्रचंड झाला होता. इतका, की किरण मोजणाऱ्या कक्षाची क्षमताच संपली आणि तो खरा आकडा सांगू शकला नाही. तो रुग्ण काही महिन्यांनी दगावला.

या अपघातांमागे प्रोग्राममधील चुका होत्या, सुरक्षेची जुनी यांत्रिक साधने काढून टाकण्याचा निर्णय होता, आलेल्या तक्रारींवर अविश्वासही होता. पण ऑपरेटरच्या खुर्चीत बसून पाहिले, तर शेवटचा धागा पडद्यावरच्या आकड्याचा होता. मोजणारा भाग आंधळा झाला होता आणि पडद्याने ‘मला दिसत नाही’ असे न म्हणता ‘६’ असे म्हटले. ‘५४’ म्हणजे नेमके काय, हे ऑपरेटरच्या पुस्तिकेत समजावलेले नव्हते. दुभाष्याने चुकीचे भाषांतर केले आणि ऐकणाऱ्याकडे शहानिशा करण्याचा मार्ग नव्हता.

वैद्यकीय क्षेत्राने यातून आणि अशा इतर घटनांतून काही धडे घेतले आहेत. अतिदक्षता विभागातील मॉनिटर हे त्याचे चांगले उदाहरण. रुग्णाच्या छातीवरची ईसीजीची चकती निघाली तर पडद्यावर सरळ रेषा येऊ शकते. हृदय थांबले तरी सरळ रेषाच येते. म्हणून आधुनिक मॉनिटर चकतीची जोडणी वेगळी तपासतो आणि ती सुटली असेल तर तसे स्पष्ट लिहितो. वैद्यकीय यंत्रांच्या गजरांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानकही रुग्णाच्या स्थितीबद्दलचा गजर आणि यंत्राच्या बिघाडाबद्दलचा गजर असे दोन वेगळे प्रकार मानते. तरीही गजर झाल्यावर पडद्याआधी रुग्णाकडे पाहणारी परिचारिका त्या विभागातला सर्वांत भरवशाचा सेन्सर असते, हे कोणताही डॉक्टर मान्य करील.

मेंदूचे आणि झोपेचे आलेख साठवण्यासाठी १९९२ मध्ये युरोपातील संशोधकांनी एक सामायिक पद्धत प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘युरोपियन डेटा फॉरमॅट’. तिच्या रचनेत एक शहाणपण आहे. एकही आकडा लिहिण्याआधी फाइलच्या सुरुवातीला कबुलीजबाब द्यावा लागतो : या नोंदीत किती चॅनल आहेत, प्रत्येकाचे नाव काय, कोणता सेन्सर वापरला, एकक कोणते, किमान आणि कमाल किती मोजता येते. फाइल उघडणाऱ्या कोणालाही, कोणत्याही देशात, कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर, आधी ही यादी दिसते. अपेक्षित होते ते सर्व आहे की नाही, हे एका नजरेत कळते. तीन दशकांनंतरही ती पद्धत वापरात आहे.

खगोलशास्त्रज्ञांना तर हे रोजचेच. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या जोड्या लावून आकाशाचे चित्र तयार केले जाते. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. एखादी अँटेना बंद असेल तर २९ जोड्या निकामी होतात. त्या जागी शून्य धरून सरासरी काढली, तर आकाशातला स्रोत आहे त्याहून फिका दिसेल. म्हणून रेडिओ खगोलशास्त्रात अशा नोंदींवर खूण केली जाते आणि गणितातून त्या वगळल्या जातात. कोणत्या वगळल्या, हेही नोंदलेले असते. तारे मोजताना जी शिस्त अंगवळणी पडली आहे, ती माणसाच्या श्वासाशी संबंधित आकड्यांना लागू व्हायला नको का?

हा प्रश्न हवेच्या आकड्यांबाबत थेट उभा राहतो. देशात २०१५ पासून राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांक वापरात आहे. मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर अशा शहरांतले लोक सकाळी फिरायला जायचे की नाही, दम्याच्या मुलाला मैदानावर पाठवायचे की नाही, हे त्या एका आकड्यावरून ठरवतात. त्यात आठ प्रदूषके धरलेली आहेत : दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढायचा आणि त्यांतला सर्वांत वाईट तोच त्या ठिकाणचा निर्देशांक मानायचा, अशी पद्धत आहे. आठही मोजमापे हाती असलीच पाहिजेत असे नाही. किमान तीन हवीत आणि त्यांत एक धूलिकणांचे हवे.

ही सूट व्यवहार्य आहे. यंत्रे बंद पडतात, वीज जाते, सेन्सर बदलावे लागतात. एका सेन्सरसाठी संपूर्ण शहराचा आकडा अडवून ठेवणे शहाणपणाचे नाही. पण गणिताचा एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. निर्देशांक म्हणजे सर्वांत वाईट आकडा. म्हणून एखादा चॅनल गप्प झाला तर निर्देशांक तेवढाच राहील किंवा खाली येईल. तो वर जाणे शक्यच नाही. म्हणजे इथे यंत्राच्या मौनाचा कौल नेहमी एकाच बाजूने, ‘हवा ठीक आहे’ या बाजूने, पडतो. उन्हाळ्याच्या दुपारी ओझोन हे मुख्य प्रदूषक असेल आणि नेमका ओझोनचाच चॅनल गप्प असेल, तर त्या दुपारची हवा कागदावर प्रत्यक्षाहून चांगली दिसेल. कोणी लबाडी केलेली नसेल. ज्याच्याबद्दल काहीच कळले नाही, ते आपोआप निरुपद्रवी ठरलेले असेल.

यावरचा उपाय स्वस्त आहे. शहराच्या चौकातल्या मोठ्या पडद्यावर आणि मोबाइलवर निर्देशांकाच्या खाली एक ओळ हवी : ‘आठपैकी पाच मोजमापे उपलब्ध’. रंगीत पट्ट्यात हिरव्यापासून गडद लालपर्यंत रंग आहेत, त्यांत न मोजलेल्यासाठी करडा रंग हवा, आणि तो सहज नजरेस पडेल असा हवा. तपशील शोधणाऱ्याला तो कुठेतरी आत सापडतो, एवढे पुरेसे नाही. पालकाला निर्णय घ्यायचा असतो सकाळी सात वाजता, शाळेच्या रिक्षाचा भोंगा वाजत असताना.

आकड्यांवर खूण करणे आणि आकडे फेकून देणे यांतला फरकही महत्त्वाचा आहे. ओझोनच्याच दुसऱ्या गोष्टीतून तो कळतो. मे १९८५ मध्ये जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थरात मोठी घट झाल्याचे दाखवून दिले. त्यांचे मोजमाप हॅली येथील तळावरच्या, जमिनीवर ठेवलेल्या जुन्या पद्धतीच्या यंत्राचे होते. त्याच वेळी १९७८ मध्ये सोडलेला ‘निंबस-७’ हा अमेरिकी उपग्रह वरून तोच ओझोन मोजत होता. मग त्याला ही घट आधी का दिसली नाही? सॉफ्टवेअरने ती माहिती कचऱ्यात टाकली, अशी कथा पुढे बरीच पसरली. खरी गोष्ट थोडी निराळी आहे. १८० एककांखालचे आकडे अविश्वसनीय समजून त्यांच्यावर ‘तपासा’ अशी खूण करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. खुणा झाल्या होत्या, आकडे मात्र जपून ठेवलेले होते. म्हणूनच ते पुन्हा उघडून पाहता आले आणि ओझोनचे छिद्र केवळ एका तळावर नव्हे, तर संपूर्ण खंडावर पसरले आहे, याचे चित्र त्याच उपग्रहाच्या नोंदींतून जगापुढे आले. मूळ नोंद शिल्लक असेल, तर उशिरा का होईना, चूक दुरुस्त होते.

मूळ नोंदीचे मोल याहून नाट्यमय रीतीने अलीकडेच दिसले. १९७७ मध्ये निघालेले ‘व्हॉयेजर-१’ हे यान १४ नोव्हेंबर २०२३ पासून पृथ्वीला अर्थहीन माहिती पाठवू लागले. यान जिवंत होते, आज्ञा ऐकत होते, पण त्याच्यावरच्या वैज्ञानिक उपकरणांचा आणि यानाच्या प्रकृतीचा एकही आकडा कळत नव्हता. उपकरणांची माहिती गोळा करून पाठवणारा संगणक, म्हणजे तिथला दुभाषा, अडखळला होता. यान २,४०० कोटी किलोमीटर दूर. एक प्रश्न पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. मार्च २०२४ मध्ये अभियंत्यांनी त्या संगणकाला एक ‘टोचणी’ दिली आणि उत्तरात त्याच्या संपूर्ण स्मृतीची कच्ची नक्कल मिळाली. बिघाडापूर्वीच्या नकलेशी ती ताडून पाहता आली आणि सुमारे ३ टक्के स्मृती खराब झाल्याचे कळले. कारण होते एक चिप. त्या भागातला प्रोग्राम एकाच जागी मावेल एवढी मोकळी जागा कुठेच नव्हती, म्हणून त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या ठिकाणी बसवले गेले. १८ एप्रिलला पहिला तुकडा पाठवला, २० एप्रिलला यानाच्या प्रकृतीची माहिती परत आली, आणि जूनपर्यंत चारही उपकरणे पुन्हा आकडे पाठवू लागली.

शेचाळीस वर्षे जुने यंत्र, ज्याला हात लावणे शक्य नाही, ते दुरुस्त होऊ शकले, कारण त्याच्याशी बोलायचे कसे हे दुरुस्त करणाऱ्यांना माहीत होते. आतली स्मृती मागवता येत होती आणि ती वाचता येत होती. याउलट परिस्थिती पृथ्वीवर, वातानुकूलित खोलीत, हाताच्या अंतरावर ठेवलेल्या अनेक यंत्रांची असते. रक्त तपासणारे किंवा रसायनांचे विश्लेषण करणारे यंत्र ठणठणीत असते, पण त्याचा ड्रायव्हर फक्त एका जुन्या संगणक प्रणालीवर चालतो. ‘विंडोज एक्सपी’ची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्ये थांबली. पण एखाद्या यंत्राची बोली तेवढ्या एकाच जुन्या संगणकाला येते, म्हणून तो तसाच जपून ठेवण्याचे प्रकार प्रयोगशाळांना नवे नाहीत. तो संगणक बसला की लाखोंचे यंत्र मुके होते. वार्षिक देखभालीचा करार संपलेला असेल तर ते धूळ खात पडते.

कंपन्यांची बाजू समजून घ्यायला हवी. यंत्राची बोली उघड केली तर प्रतिस्पर्ध्याला फायदा होईल, कोणी अर्धवट ज्ञानाने ड्रायव्हर लिहून रुग्णाचे नुकसान केले तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न खोटे नाहीत. पण यंत्राला काही करायला सांगणे आणि यंत्राने काय मोजले ते वाचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर कडक बंधन असावे. दुसरी मात्र खरेदीदाराचा हक्क मानायला हवी. ज्याने यंत्राचे पैसे मोजले, त्याला त्या यंत्राने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे कळलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप रुग्णालयांतून येतो. गजर आधीच इतके वाजतात की कर्मचारी बधिर होतात. त्यात प्रत्येक गप्प चॅनलने ओरडायला सुरुवात केली तर काम करणे अवघड होईल. हा आक्षेपही रास्त आहे. पण इथे मागणी आवाजाची नाही. ऑक्सिमीटरच्या आडव्या रेषा ओरडत नाहीत. त्या फक्त खोटा आकडा दाखवत नाहीत. न मोजलेल्याच्या जागी न मोजल्याची खूण, एवढेच पुरेसे असते.

म्हणून सार्वजनिक पैशातून यंत्र घेताना निविदेतच काही अटी असाव्यात. यंत्राशी बोलण्याची भाषा लेखी आणि पूर्ण स्वरूपात मिळावी. मूळ नोंदी खुल्या पद्धतीत बाहेर काढता याव्यात. चालू होताना यंत्रणेने अपेक्षित चॅनल आणि सापडलेले चॅनल यांची संख्या ताडून पाहावी आणि फरक असेल तर तसे सांगावे. यंत्र ताब्यात घेताना एक साधी परीक्षा व्हावी : चालू असताना एक सेन्सर उपटून पाहायचा. पडद्यावर त्या जागी शून्य आले, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुनाच आकडा तसाच राहिला, तर यंत्र नापास. या परीक्षेला तज्ज्ञ लागत नाही आणि खर्चही येत नाही.

आणखी एक गोष्ट पैशाची नाही, प्रतिष्ठेची आहे. प्रयोगशाळेत ड्रायव्हर लिहिणारा विद्यार्थी किंवा तंत्रज्ञ शोधनिबंधाच्या आभारांतही क्वचितच दिसतो. त्याचे काम म्हणजे ‘संगणकाचे काहीतरी’. पण प्रबंधातला प्रत्येक आकडा त्याच्याच हातून गेलेला असतो. आठ चॅनल का दिसत नाहीत हे शोधण्यात गेलेले चार दिवस हे संशोधनाचेच दिवस आहेत. नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने ‘एक्सपआइज’ नावाचे छोटे प्रयोग-उपकरण तयार केले आहे. त्याचा आराखडा आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुले आहेत. यंत्र कसे ऐकते, कसे उत्तर देते आणि कुठे गप्प बसते, हे विद्यार्थ्याला आतून पाहता येते. शाळा-महाविद्यालयांत अशी उपकरणे वाढली, तर पुढच्या पिढीला पडद्यावरच्या आकड्याला ‘तू आलास कुठून?’ असे विचारण्याची सवय लागेल.

त्या टेबलावरच्या यंत्राकडे पुन्हा वळायचे, तर तिथली दुरुस्ती बहुधा एका अक्षराची असते. ते अक्षर सापडले की आठ आकडे पडद्यावर येतात आणि सगळे चहाला निघतात. पण चहाआधी आणखी एक ओळ लिहायला हवी. यंत्राकडून उत्तर मिळाले नाही, तर तसे पडद्यावर ठळक दिसेल आणि यादी रिकामी ठेवून प्रोग्राम पुढे जाणार नाही, अशी ती ओळ. पुढच्या वर्षी तो विद्यार्थी तिथे नसेल आणि तापमापकांच्या जागी कदाचित दुसरे काही जोडलेले असेल. तेव्हा केबल सैल झाली, तर खुर्चीवर बसलेल्या अनोळखी माणसाला ती ओळ दोन आडव्या रेषा दाखवील आणि तो उठून केबल तपासेल.